थांबवायची तार

मद्रासेत तिरुवल्लिकेणीच्या मागच्या अंगाला, बकिंगहॅम कालव्याला लागून, लाकडाच्या वखारी होत्या. त्यांतली एक राजसबाई आणि त्यांचा धाकटा भाऊ हंबीरराव मिळून चालवत. वडिलांनी मागे ठेवलेली वखार. नावाला दोघांची भागी, पण कामाची वाटणी पक्की होती. लाकूड ओळखणं, घेणं, गिऱ्हाइकाशी बोलणं राजसबाईंकडे. कापणं, उचलणं, पोचवणं हंबीररावाकडे. राजसबाईंचे यजमान वसंतराव रेल्वेच्या कचेरीत होते. सकाळी डबा घेऊन एग्मोरला जात आणि वखारीत फक्त दसऱ्याच्या आयुधपूजेला येत.

घराणं तंजावरचं. मद्रासेत दोन पिढ्या गेल्या, तरी घरातली बोली जुनीच राहिली होती, तमिळच्या हेलाने चालणारी. पुण्याकडून बदलून आलेलं कोणी ती ऐकून हसलं, तर राजसबाई शांतपणे म्हणत, "हसा. तुमचे पणजोबा असंच बोलत होते."

त्या अशाच होत्या. लढाईच्या वर्षांत, लग्न व्हायच्या आधी, त्या बायकांच्या लष्करी तुकडीत भरती झाल्या होत्या आणि सिग्नलच्या कामावर होत्या. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली, वडिलांनी मात्र स्वतः स्टेशनवर पोचवलं. तिथे त्या टेलिफोनच्या तारा जोडायला आणि तुटलेली तार कुठे तुटली ते शोधायला शिकल्या. लढाई संपली, तुकडी मोडली, पण हातातली ती सवय गेली नाही. वखारीतले दिवे, घरातला रेडिओ, शेजाऱ्यांचे पंखे, सगळं त्यांच्या हाताखालून जाई.

हंबीररावाचा जीव मात्र एकाच वस्तूवर. लढाईनंतर लष्कराने निकालात काढलेल्या सामानाच्या लिलावातून त्याने एक करवत आणली होती. पेट्रोलवर चालणारी, दोघांनी धरायची. एका टोकाला इंजिन आणि दोन मुठी, मध्ये माणसाएवढी लांब पोलादी पट्टी, पट्टीच्या कडेने धावणारी दातेरी साखळी, आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक मूठ. रंग हिरवा होता असं म्हणायला थोडा टवका उरला होता. इंजिनाकडे हंबीरराव आणि पलीकडच्या मुठीवर एळुमलै, वखारीतला सगळ्यांत जुना आणि भरवशाचा गडी, अशी जोडी ठरलेली. ती करवत सुरू झाली की आजूबाजूच्या वखारींतले लोक हातातलं टाकून बघायला येत, आणि हंबीररावाची छाती आणखी रुंद होई.

त्या वर्षी कार्तिकात समुद्राकडून वादळ आलं आणि रात्रभर शहराला झोडपून गेलं. सकाळी पाहावं तो रस्तोरस्ती झाडं आडवी. महापालिकेचे सुपरवायझर राघोत्तमराव सायकल हातात धरून, चिखल तुडवत वखारीत आले. तेही तंजावरकडचेच.

"हंबीरराव, तुमचं मशीन पाहिजे. आत्ता पाहिजे," ते दारातूनच म्हणाले. "मॅन्शनच्या गल्लीतलं तूंगुमूंजी पडलंय. निम्मं मुळावर आहे, आणि डोकं मॅन्शनच्या माडीवर टेकलंय. हाताच्या करवती सगळ्या माउंट रोडकडे गेल्या. पुन्हा वारा सुटला तर ते झाड माडी घेऊन खाली येईल. माडीवर सगळ्या भाड्याच्या खोल्या, एकटी राहणारी पोरं, कचेरीत जाणारी."

तूंगुमूंजी म्हणजे झोपाळू तोंडाचं झाड. संध्याकाळी पानं मिटून घेतं म्हणून तमिळ लोकांनी दिलेलं नाव. एरवी गल्लीभर सावली धरणारं, आणि पडलं की गल्लीभर पसरणारं.

"येतो की!" हंबीरराव म्हणाला. "एकदा चालवून बघतो आणि निघतो."

त्याने आणि एळुमलैने मशीन एका ओंडक्यावर धरलं. दोरी ओढली. इंजिन खोकलं, पेटलं, साखळी धावू लागली, भुसा उडाला. तुकडा खाली पडला. हंबीररावाने वेगाचा खटका सोडला.

साखळी थांबली नाही.

ओल्या भुशाने खटक्याची स्प्रिंग अडकली होती. इंजिन तसंच पूर्ण वेगात किंचाळत राहिलं. त्याने अंगठ्याने बंद करायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही. मोकळी पट्टी हवेत थरथरत होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एळुमलै. मूठ सोडावी तर पट्टी कुठे झोकांडेल त्याचा नेम नाही, धरावी तर साखळी मांड्यांसमोर. हंबीररावाने हात घालून पेट्रोलची तोटी बंद केली. पण नळीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालणारच. तेवढ्यात एळुमलैच्या वेष्टीचा, त्या आखूड धोतराचा, सोगा साखळीत गेला. टर्रकन आवाज झाला, तो एक पाय मागे फेकून कसाबसा उभा राहिला, आणि मग इंजिन आचके देत मेलं.

एळुमलैने मूठ हळूच खाली टेकवली आणि फाटलेल्या वेष्टीकडे पाहिलं. मांडीवर लाल ओरखडा होता, रक्त नव्हतं.

राजसबाई लाकडांच्या थप्पीकडून चालत आल्या. त्यांनी पहिल्यांदा एळुमलैची मांडी पाहिली. मग भावाकडे वळल्या.

"हे बटण केव्हापासून चालत नाही?"

"असंच आहे थोडे दिवस," हंबीरराव म्हणाला. "तोटी बंद केली की थांबतं अक्का. आजच तो खटका..."

"केव्हापासून?"

"आयुधपूजेपासून."

राजसबाईंनी पान्याने इंजिनाचा प्लग काढला, पदराच्या घडीत धरून पुसला आणि त्या घडीसकट कमरेला खोचला. "आता जा घेऊन," त्या म्हणाल्या.

"अक्का! राघोत्तमराव उभे आहेत. माडीवर माणसं आहेत. मशीन कापतंय ना? थांबवायचं मी बघतो."

"तू बघतोस, आणि पलीकडच्या टोकाला कोण उभा राहतो? त्याच्या हातात ना खटका, ना बटण. त्याने फक्त तुजवर विश्वास ठेवायचा." त्यांचा आवाज चढला नव्हता. "जे थांबत नाही ते मशीन माझ्या वखारीतून बाहेर जाणार नाही. राघोत्तमराव, माडीवरच्या लोकांना पुढच्या खोल्यांतून काढा. गल्ली दोन्ही टोकांनी बंद करा. तुमचं तेवढं होईपर्यंत आम्ही येतो."

राघोत्तमरावांनी बहीण-भावाकडे आळीपाळीने पाहिलं. "याल ना नक्की?"

"येतो म्हटलं ना," राजसबाई म्हणाल्या, आणि ते सायकल वळवून गेले.

चारचौघांत प्लग काढून घेतला हे हंबीररावाला लागलं होतं. पण बहिणीने "आधी साखळी उतरव" म्हटल्यावर त्याने उतरवली. साखळी बाजूला ठेवल्यावर मशीन एखाद्या दात नसलेल्या म्हाताऱ्यासारखं गरीब दिसू लागलं. एळुमलै रॉकेलचा डबा आणि ब्रश घेऊन खटक्याची स्प्रिंग धुवायला बसला. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

राजसबाई पाटावर बसल्या. त्यांनी मॅग्नेटोवरचं झाकण काढलं. मॅग्नेटो म्हणजे या इंजिनाचं स्वतःचं वीजघर. चाक फिरलं की तिथे वीज तयार होते आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. तिथून एक बारीक तार निघून, टाकीखालून, मुठीतून, बटणापर्यंत गेली होती. घरातला दिवा बटण दाबून पेटतो. इथे उलटं. बटण दाबलं की ती तार इंजिनाच्या धातूला टेकते, वीज ठिणगीकडे जायच्या ऐवजी धातूत निघून जाते, आणि इंजिन मरतं.

"एकदा सुरू कर," त्यांनी कमरेचा प्लग काढून भावाला दिला.

इंजिन धडधडू लागलं. राजसबाईंनी लाकडी मुठीचा पेचकस घेतला, त्याचं टोक मॅग्नेटोच्या स्क्रूवर ठेवलं आणि दांडी इंजिनाच्या अंगाला टेकवली. एक बारीक ठिणगी उडाली आणि इंजिन जागच्या जागी गप्प झालं.

हंबीररावाचे डोळे मोठे झाले. आयुधपूजेपासून इतकं पटकन बंद झालेलं त्याने ते पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे इथवर ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मशीन ऐकतं. निरोप पोचत नाही."

त्यांनी तारेचं टोक मॅग्नेटोवरून सोडवलं. टॉर्चचा एक सेल आणि लहान बल्ब घेऊन त्या पुढे सरकल्या. पहिल्यांदा नुसतं बटण तपासलं. दाबलं की बल्ब लागे, सोडलं की जाई. बटण चांगलं. मग तारेच्या दोन्ही टोकांना बल्ब लावला. अंधार. वरून तार धडधाकट दिसत होती, कापडी वेष्टण कुठे उसवलेलं नव्हतं. राजसबाई ती बोटांत धरून इंचाइंचाने वाकवत गेल्या. मुठीत शिरायच्या भोकापाशी बल्ब क्षणभर मिणमिणला.

"इथे."

त्यांनी चाकूने वेष्टण चिरलं. आत तांबं उरलंच नव्हतं, हिरवट भुकटी होती. समुद्राची खारी हवा आणि मशीनचा थरकाप, दोघांनी मिळून तार आतल्या आत खाल्ली होती.

"वरून काहीच दिसत नव्हतं गं," हंबीरराव वाकून म्हणाला.

"दिसत नाही म्हणूनच शोधावं लागतं."

जुनी तार ओढून काढली. रबरी वेष्टणाची नवी तार त्यांच्या पेटीत होती. टोकांना कथलाचा डाग दिला, जुन्या वाटेने तार ओवली, टाकीखालच्या धातूच्या पट्ट्यांत बसवून स्क्रू करकचून आवळले. गल्लीत लोक खोळंबले आहेत हे डोक्यात होतं. हात भराभर चालले होते. झाकण बसवलं. "हं, ओढ."

हंबीररावाने दोरी ओढली. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा ओढली. पुन्हा. तो घामाघूम झाला. एळुमलैने ओढून पाहिलं. काही नाही, साधी खोकसुद्धा नाही.

"सरी, ठीक आहे," हंबीरराव दोरी टाकून म्हणाला. "आधी थांबत नव्हतं, आता सुरू होत नाही. आता काय सांगू मी राघोत्तमरावांना?"

राजसबाईंचे कान गरम झाले. त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात त्या तारेवरून चालत गेल्या, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, जशा पूर्वी नकाशावरच्या लाइनवरून जात. इंजिन तेच. प्लग तोच. सकाळपासून बदललं ते एकच. मग त्यांना हसू आलं.

"अरे, बटण दाबलेलं आहे," त्या म्हणाल्या.

"कोणी दाबलं?"

"मी. ही तार सोडव मॅग्नेटोवरून आणि ओढ."

त्याने तार सोडवली, दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला इंजिन गर्जलं. राजसबाईंनी पुन्हा पेचकस टेकवून ते बंद केलं.

आता बल्ब तारेच्या मोकळ्या टोकाला आणि इंजिनाच्या अंगाला लावला. बटणाला कोणी हात लावला नव्हता, तरी बल्ब लख्ख पेटला. नवी तार कुठेतरी धातूला टेकत होती. कोणीतरी सतत बटण दाबून धरल्यासारखी. हंबीररावाने पट्ट्यांचे स्क्रू एकामागून एक सैल केले. राजसबाई बल्बवर नजर ठेवून होत्या. तो टाकीखालच्या पट्टीशी आला आणि बल्ब विझला.

पट्टीची कड धारदार होती. करकचून आवळताना तिने रबर कापून तांब्याला चावा घेतला होता.

"घाई माझी," राजसबाई म्हणाल्या. "कानस दे."

हंबीररावाने कानस दिली नाही. स्वतःच पट्टीची कड घासून गोल केली, बोट फिरवून पाहिली. एळुमलैने आपल्या सायकलच्या दुरुस्तीच्या पिशवीतून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणून दिली. ती तारेवर चढवली आणि पट्टीखाली बेतानेच आवळली. सेल पुन्हा लावला: दाबलं की दिवा, सोडलं की अंधार. तार मॅग्नेटोला जोडून साखळी चढवली. इंजिन सुरू झालं.

"एळुमलै, इकडे ये," राजसबाई तमिळमध्ये ओरडल्या. "तू दाब."

एळुमलै पुढे झाला, जाडजूड अंगठा बटणावर टेकवला. इंजिन मेलं. त्याने हंबीररावाला पुन्हा सुरू करायला लावलं, पुन्हा मारलं. आणि पुन्हा. मग तो दात काढून हसला आणि फाटक्या वेष्टीचा काचा घट्ट मारून हातगाडी आणायला गेला.

मॅन्शनच्या गल्लीत जत्रा भरली होती. झाड आडवं-तिरपं पडलेलं, मुळांचं एक अंग जमिनीतून उपटून वर आलेलं, शेंडा माडीच्या कठड्यावर. राघोत्तमरावांनी पुढच्या खोल्या रिकाम्या केल्या होत्या आणि तिथले कारकून मागच्या शिडीने उतरून, कोणी बुशकोटात, कोणी खांद्यावर पंचा टाकून, कडेला उभे होते. गल्लीचा हातपंप फांद्यांखाली गेला होता. बायका घागरी घेऊन भिंतीशी थांबल्या होत्या.

राजसबाईंनी एकदा झाडाभोवती फेरी मारली. "शेंड्याकडून या. माडीवरचं वजन पहिलं उतरवा, फांदी फांदी. खोड शेवटी."

तसंच झालं. दोर बांधून, कापून, एकेक फांदी खाली सोडली. माडी मोकळी झाली. उरलं ते खोड, गल्लीवर तिरकं, मुळांनी ताणून धरलेलं. हंबीरराव आणि एळुमलैने मशीन त्यावर ठेवलं. मशीनच्या आवाजात दुसरं काही ऐकू येईना. राजसबाई मुळांच्या बाजूला उभ्या होत्या. साखळी अर्ध्याहून खोल गेली असेल, तोच त्यांना मुळांपाशी ओली माती हलताना दिसली. ढेकूळ सुटून घरंगळलं. मग दुसरं.

हाक मारून उपयोग नव्हता. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ताठ उभे केले.

हंबीररावाने पाहिलं आणि अंगठा दाबला.

इंजिन थांबलं. अचानक पडलेल्या त्या शांततेत सगळ्या गल्लीला आवाज ऐकू आला. लाकडाच्या पोटातून येणारा, लांबलचक, दार करकरावं तसा.

"सोडा! मागे!" हंबीरराव ओरडला. दोघांनी मुठी सोडून दोन बाजूंना उड्या घेतल्या. उपटलेली मुळं धप्पकन आपल्या खड्ड्यात परत बसली, बुंधा ताठ उभा राहायला गेला, आणि खोडाचा उरलेला भाग चरचरत फाटून जमिनीवर आपटला, जिथे क्षणापूर्वी एळुमलै होता तिथे. माडीवरून तुळशीची एक कुंडी खाली आली. बाकी माडीला काही झालं नाही.

चिखल खाली बसताच सगळे एकदम बोलू लागले. एळुमलै भिंतीला टेकून बसला होता. उडी मारताना घोटा मुरगळला होता. "पाय आहे," तो राजसबाईंना म्हणाला. "दोन्ही आहेत."

हंबीरराव बहिणीजवळ आला. त्याच्या मिशीत भुसा होता. पडलेल्या खोडाकडे पाहत तो म्हणाला, "मशीन चालू असतं तर तो आवाज ऐकूच आला नसता."

"नसता," राजसबाई म्हणाल्या. "मशीनला काही लागलंय का बघ."

पहारीने खोड उचलून मशीन काढलं. पट्टीला एक पोचा पडला होता, साखळी फिरत होती. आता खोड मोकळं, निवांत पडलेलं, त्यात धोका काही उरला नव्हता. पण रस्ता उघडायला अजून त्याचे तुकडे करायचे होते, आणि एळुमलैला उभं राहता येत नव्हतं. हंबीररावाने पालिकेच्या गड्यांकडे पाहिलं. गडी मशीनकडे पाहत होते आणि पुढे येत नव्हते. बुशकोटातल्या एका तरुणाने बाह्या सरसावल्या, पण त्याच्या चपला आणि त्याचे दंड पाहून हंबीररावाने मानेनेच नको म्हटलं.

मग तो वळला. "अक्का, तू धरतेस?"

राजसबाईंनी पदर कमरेला बांधला, नऊवारीचा काचा वर ओढून घट्ट केला, चपला काढून बाजूला ठेवल्या. कडेच्या बायकांपैकी एक म्हातारी तमिळमध्ये म्हणाली, "आता हे बघायचं राहिलं होतं," आणि नीट दिसावं म्हणून घागर उपडी घालून तिच्यावर बसली.

मूठ थंड आणि जड होती. इंजिन पेटलं तेव्हा तो थरकाप मनगटातून खांद्यात, खांद्यातून दातांत शिरला. "रेटू नको, नुसतं धर," हंबीरराव ओरडला. "लाकूड आपण होऊन वाट देतं." राजसबाईंनी नुसतं धरलं. भुशाचा ओला, गोडसर वास नाकात भरला. पहिला तुकडा निखळला तेव्हा कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या तुकड्याला त्यांना लय सापडली. तिसऱ्याला त्या हंबीररावाच्या आधी पुढच्या खुणेपाशी उभ्या होत्या.

दुपार कलायच्या आत गल्ली उघडली. पंपाचा दांडा कोणीतरी हलवला, दोन-चार कोरडे उसासे झाले आणि पाणी आलं. राघोत्तमराव टोपी काढून कपाळ पुसत म्हणाले, "बाई, उद्या आमच्या आणखी दोन गल्ल्या आहेत."

"एळुमलैचा पाय बघून सांगते," राजसबाई म्हणाल्या.

"मी धरतो ना!" बुशकोटवाला म्हणाला.

"चपला बदलून ये," हंबीरराव म्हणाला.

संध्याकाळी वसंतराव एग्मोरहून घरी आले, तेव्हा राजसबाई ओसरीवर कॉफी घेऊन बसल्या होत्या. पितळी वाटी आणि पेला दोन्ही हातांत एकमेकांवर बारीक वाजत होते. हात करवतीच्या थरकापाने अजून हलायचे थांबले नव्हते.

"काय गं, बरं नाही का?" त्यांनी घाबरून विचारलं. "हात का कापतायत?"

राजसबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. कॉफीवर गोल गोल लाटा उठत होत्या. थोडी सांडलीही होती.

"छान आहे मी," त्या म्हणाल्या. "बसा. सगळं सांगते."